नेसून दाखवायची साडी

माझ्या इंटरव्ह्यूत माधवीताईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो आमच्या आईच्या कपाटाबद्दल. "तुमच्या आईकडे आहेरात आलेल्या साड्या किती असतील, आणि त्यांतल्या त्या नेसतात किती?" मी पुण्याहून नवा कोट शिवून आलो होतो, विमानात जागतिक अर्थकारणावरचं एक जाडजूड पुस्तक डोळे ताणून वाचलं होतं, आणि समोरची बाई शुद्ध मराठीत साड्यांची चौकशी करत होती. शेजारी आमचे डायरेक्टर मिस्टर कोह बसले होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते गंभीरपणे मान डोलावत होते. मी म्हटलं, "कपाट भरून आहेत. नेसते दोन-तीन." "बाकीच्यांचं काय करतात?" "पुढे देते." "आणि ज्यांनी साडी दिली तेच घरी येणार असले तर?" मला हसू आलं. त्या दिवशी आमची आई कपाट उपसून नेमकी तीच साडी शोधते आणि नेसते, मग ती कितीही टोचो. "झालं," माधवीताई कोहसाहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "याला परदेशी मदतीचं काम समजेल."

आमचं ऑफिस सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट भागात, एमआरटी मेट्रोच्या फलाटावरून दिसणाऱ्या एका काचेच्या इमारतीत होतं. युरोपातल्या एका छोट्या, थंड आणि श्रीमंत देशाचं सरकार हे आमचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. त्या देशात कायदाच आहे, की देशाच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा दर वर्षी गरीब देशांच्या मदतीसाठी खर्च झालाच पाहिजे, आणि तोही एकतीस डिसेंबरच्या आत. एक जानेवारीला दिलेला पैसा मागच्या वर्षात धरत नाहीत. आकडा ठरायचा तिकडच्या मंत्रालयात. इकडच्या समुद्रातल्या गरीब बेटांवर तो खर्च कसा आणि कुठे व्हायचा, याचं नियोजन आमच्याकडे. माधवीताई या नियोजनाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली.

बाई ठेंगणी, पन्नाशीची, सुती कुर्ता आणि पायात धावायचे बूट. चालणं असं की बरोबरच्या माणसाला अर्ध्या वाक्यावर दम लागावा. नवरा बँकेत, दोघंही सिंगापूरमध्ये मुरलेली, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळूनही जमाना झालेला. चोआ चू कांगला आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायच्या. टार्गेटवर त्यांची श्रद्धा होती. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, की असं आकडा धरून दान करणं जरा हास्यास्पद नाही का? त्या डबा खाता खाता थांबल्या. "प्रसाद, कायद्याने बांधलाय म्हणून तो हात खिशात जातो. नुसत्या दयेवर सोडलं असतं तर पहिल्याच वर्षी रस्ते दुरुस्तीला गेला असता पैसा." आणि पुन्हा एक घास घेऊन, "टार्गेट म्हणजे लग्नाचा मुहूर्त. मुहूर्त गाठला म्हणून संसार चांगला होतोच असं नाही. पण मुहूर्त चुकवणाऱ्या भटजीला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही." त्यांनी एकही मुहूर्त चुकवला नव्हता. मंत्रालयातले लोक इतर ऑफिसांना त्यांचं उदाहरण द्यायचे, आणि हे त्यांना आवडायचं. आवडत नाही असं दाखवायच्या तेव्हा फार वाईट दाखवायच्या.

पण खर्चाचा प्रत्येक प्रस्ताव आला की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: "हा आहेर आहे की मदत?" हे आम्ही मराठीतच बोलायचो, कारण आहेर या शब्दाला इंग्रजी कुठून आणणार? आहेरात देणाऱ्याची हौस असते, घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि नंतर ते वापरून दाखवावं लागतं. याचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांच्या आत्याबाईंनी त्यांना सिंगापूरला येताना दगडी पाटा-वरवंटा दिला होता. आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा असला की माधवीताईंचा नवरा पलंगाखालून तो पाटा ओढून ओट्यापाशी आणायचा. एका दिवाळीत आत्याबाईंनी "जरा चटणी वाटून दाखव गं" म्हटलं, आणि पाचच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई दार वाजवून विचारायला आल्या, की सुट्टीच्या दिवशी तुम्ही भिंत कसली फोडताय? "साडी देणाऱ्याला कपाट दिसत नाही," माधवीताई म्हणायच्या. "त्याला फक्त नेसलेली बाई दिसते."

त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत सगळं वेळेत चाललं होतं. मग तिकडच्या देशाचं उत्पन्न अंदाजापेक्षा जास्त निघालं. उत्पन्न वाढलं की कायद्यातला हिस्साही वाढतो. त्यांच्या अर्थमंत्र्यांनी हसून फोटो काढून घेतले असतील. आमच्या ऑफिसात मात्र दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मंत्रालयाचा फोन आला: वर्ष संपायच्या आत आणखी किती पचवू शकाल? आणि फोनच्या शेवटी, सहज सांगावं तसं, की आमचा करार मार्चमध्ये नव्याने व्हायचा आहे आणि कुठलं ऑफिस किती खर्च करू शकतं हे तेव्हा बघितलं जाईल.

हा करार म्हणजे आमचं ऑफिस. आणि ऑफिस म्हणजे माझा एम्प्लॉयमेंट पास. नोकरी गेली की पास रद्द, आणि पास रद्द झाला की मोजक्या दिवसांत दुसरी नोकरी शोधा किंवा सामान बांधा. मृणालचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पास माझ्या पासवर. आमच्या मुलीची, सईची शाळाही त्याच्यावरच. सई पाच वर्षांची असताना इथे आली आणि आता मराठी प्रश्नाला सिंगापुरी इंग्रजीत उत्तर द्यायची. मृणालला दुसरं मूल व्हायचं होतं, तिसरा महिना चालू होता.

कोहसाहेबांनी आठवड्याभरात तोड काढली. तुआसला एका कारखान्याच्या आवारात कंटेनरएवढे मोठे शीतकक्ष तयार उभे होते. लसी ठेवायचे. आधीच्या गिऱ्हाइकाने ऐन वेळी माघार घेतली होती. किंमत नेमकी हवी तेवढी, माल तयार, बंदर शेजारी. बेटांवरच्या आरोग्य केंद्रांना ते द्यायचे. बेटांवरच्या सरकारच्या आरोग्य खात्याने एका दिवसात आनंदाने होकार कळवला. एकच गोष्ट उरली. घेणाऱ्यांची तयारी पूर्ण आहे, अशा दाखल्यावर नियोजन प्रमुखाची सही लागायची. ती झाल्याशिवाय खर्च मोजला जायचा नाही.

"साइन ओन्ली, माधवी," कोहसाहेब त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "देन एव्हरीथिंग सेटल, लाह."

माधवीताई मला घेऊन तुआसला गेल्या. रणरणत्या उन्हात ते पांढरेशुभ्र शीतकक्ष ओळीने उभे होते. कारखान्याच्या माणसाने एकाचं दार उघडलं, आम्ही आत गेलो, आणि खरं सांगतो, मला तिथून हलावंसं वाटेना. इतका सुरेख गारवा, इतकं चोख काम. मी मनात म्हणत होतो, सही करा आता, बाई. माधवीताईंनी फक्त विचारलं, "याला वीज किती लागते?" माणसाने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. माणसाने पुन्हा तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बेटावरच्या आरोग्य केंद्रात फोन लावला. स्पीकरवर, मला समोर बसवून. तिथल्या मुख्य नर्सचं नाव लितिया. आवाज मोठा आणि हसरा. माधवीताईंनी शीतकक्षाबद्दल विचारलं तशी ती म्हणाली, "फार आभारी आहोत, मॅडम. जरूर पाठवा." मी खुर्चीत सैल झालो. माधवीताई म्हणाल्या, "ते झालं. आता मला सांगा, मागे कुणीतरी एक छोटा दिला होता ना, त्याचं कसं चाललंय?"

"चालू आहे, मॅडम. चालू ठेवावाच लागतो. देणारे बघायला येतात."

"कशावर चालतो?"

"जनरेटरवर. डिझेलवर."

"आणि तुमची होडी?"

मग लितिया हसली, पण पहिल्यासारखी नाही. होडीही डिझेलवरच चालायची. महिन्याला डिझेल येणार ठरलेलं. होडी लांबच्या वस्त्यांवर जायची, लसीच्या छोट्या पेट्या घेऊन, अडलेल्या बाळंतिणींना घेऊन. छोटा शीतकक्ष आल्यापासून तिच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या होत्या. "मोठा आला तर?" माधवीताईंनी विचारलं. "तर आम्ही तो चालू ठेवू, मॅडम," लितिया म्हणाली. "एवढ्या प्रेमाने कुणी दिल्यावर बंद कसा ठेवायचा?"

माधवीताईंनी फोन ठेवला. मी म्हटलं, "आपण डिझेलचेही पैसे देऊ." त्या म्हणाल्या, "डिझेल वर्षभर जळतं. डिसेंबरच्या आत एकदम जाळता येत नाही. म्हणून तर ते कुणी देत नाही." हे खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी कोहसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. माधवीताईंनी सांगितलं, की त्या सही करणार नाहीत. आणि हेही सांगितलं, की टार्गेट गाठायला दुसरी वाट आहे. तेच सरकार दर जानेवारीत लसीकरणाच्या एका जागतिक निधीला मोठा हप्ता देतं. त्याला मंजुरी कधीच मिळालेली आहे. तो पंधरा-वीस दिवस आधी, डिसेंबरमध्येच भरला की कायद्याचा आकडा पूर्ण. त्यात लबाडी काही नाही, आणि पैसा लसींच्याच कामी लागेल. मंत्रालयातला हा विभाग त्या विभागाचं काम बघत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. एक फोन केला की झालं.

मला ती युक्ती ऐकून आधी थक्क व्हायला झालं आणि मग भीती वाटली. कारण सरकारचं काम होणार होतं, पण आमच्या ऑफिसाकडून नाही. आम्ही पैसे परत करणारं ऑफिस ठरणार होतो. माधवीताईंनी तोडगा काढला होता आणि त्या तोडग्यात आमची गरज उरत नव्हती.

कोहसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. चष्मा काढून डोळे चोळले आणि माझ्याकडे बोट केलं. "माधवी, यू आर पीआर, व्हॉट. ही इज ऑन पास. वाइफ एक्स्पेक्टिंग. यू कॉल, देन हाऊ?"

माधवीताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आय नो," एवढंच म्हणाल्या. मग, विचार करून सांगते, असं म्हणून उठल्या.

स्टेशनकडे जाताना मी त्यांना गाठलं. ऑफिस सुटायची वेळ, फलाटावर ही गर्दी. मी तापट माणूस आहे, आणि त्या दिवशी तर दिवसभर वाफ कोंडलेली होती. म्हटलं, "तुम्हाला तत्त्वं परवडतात, माधवीताई. उद्या ऑफिस बंद पडलं तर तुम्ही इथेच राहाल, तुमचा फ्लॅट इथे, तुमचं माणूस बँकेत. मला सईचं नाव शाळेतून काढावं लागेल."

"हो," त्या म्हणाल्या.

"हो काय?"

"खरं आहे ते. माझ्या तोंडी हे सोपं आहे."

मला त्यांनी वाद घालायला हवा होता. वाद घातला असता तर मी आणखी चार शब्द ऐकवले असते, बरं वाटलं असतं. गाडी आली, आम्ही दोघं एकाच डब्यात चढलो आणि चोआ चू कांगपर्यंत शेजारी शेजारी उभे राहिलो.

पुढे शनिवार-रविवार होता. माझ्या आयुष्यात इतके लांब दोन दिवस दुसरे नाहीत. घरी सगळं सांगितलं. मृणाल शांतपणे ऐकत होती आणि मधूनच पोटावर हात ठेवत होती. "त्या सही करतील," ती म्हणाली. "आपल्याला ओळखतात त्या. सईला दर शनिवारी श्लोक शिकवायला बोलवतात." त्या शनिवारी बोलावणं आलं नाही. सईने विचारलं, "पपा, वुई गोइंग बॅक फॉर गुड, इज इट?" तिला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी भाजीबाजारात माधवीताई दिसल्या. भेंडीच्या ढिगापाशी उभ्या होत्या, एकेक भेंडी उचलून परत ठेवत होत्या. एकही पिशवीत टाकली नाही. मी समोर न जाता मागच्या मागे वळलो. मला आशा वाटायला लागली होती, तीच मोडेल अशी भीती वाटली.

सोमवारी त्या दुपार टळल्यावर आल्या, युरोपातली ऑफिसं उघडल्यानंतर. थेट माझ्या टेबलाशी आल्या, कोहसाहेबांकडेही आधी गेल्या नाहीत. "प्रसाद, मी फोन केला," म्हणाल्या. "घरूनच. ते हप्ता आधी भरताहेत." आणि तिथेच उभ्या राहिल्या, मी काय बोलतो त्याची वाट बघत. मी समोरची फाईल उघडली. मंत्रालयातून संध्याकाळी आभाराचा फोन आला. टार्गेट पूर्ण झालं होतं, वेळेच्या बरंच आधी. इतक्या मुहूर्तांपैकी त्यांनी हाही चुकवला नव्हता.

मार्चमध्ये करार नव्याने झाला नाही. मंत्रालयाने फार नम्र शब्दांत कळवलं, की या भागातलं काम आता दुसऱ्या मोठ्या ऑफिसाकडून करून घेण्यात येईल. कोहसाहेबांनी सगळ्यांना एकेक करून खोलीत बोलावलं. माझ्या वेळी ते रडले, आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. माधवीताईंचीही नोकरी गेली, पण मी म्हणालो होतो तसंच, त्यांचं घर जागेवर होतं. मी सिंगापूरभर अर्ज केले. तुआसच्या एका जहाज कंपनीत काम जवळजवळ झालं होतं, शेवटी पासचं जमलं नाही. मला माधवीताईंचा राग होता. आजही लितियाच्या होडीचा विचार मनात आला की राग विरघळतो, आणि मृणालचे ते दिवस आठवले की पुन्हा गोठतो. दोन्ही खरं आहे आणि मी आता त्याची तडजोड करायच्या भानगडीत पडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. न बोलावता. घरमालकाला फ्लॅट परत करायचा म्हणजे तो आरशासारखा स्वच्छ लागतो, नाहीतर डिपॉझिट कापतात. मृणालला आठ महिने पूर्ण होत आले होते. तेवढ्यासाठी डॉक्टरांकडून विमानप्रवासाची परवानगी घ्यावी लागली होती. माधवीताईंनी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, स्टुलावर चढल्या आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीचा तेलकट थर खरवडायला लागल्या. मृणाल दारात भिंतीला टेकून उभी होती. त्या सोमवारपासून ती माधवीताईंशी बोलली नव्हती. सई आतल्या रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकत होती.

मग मृणाल म्हणाली, "माधवीताई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तो फोन केलात, तेव्हा आमचा विचार केला होता का?"

मी हातातलं काम थांबवलं. खरं तर हा प्रश्न माझा होता, पण मला तो विचारायचं धाडस झालं नव्हतं. कारण "सुचलंच नाही गं" असं उत्तर आलं असतं तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं, आणि दुसरं उत्तर मला सोसलं नसतं.

माधवीताई स्टुलावरून खाली उतरल्या. हात तेलाने काळे झाले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "केला होता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस तुमच्याशिवाय दुसरा विचार नव्हता. तुझा, सईचा, याचा." त्यांनी मृणालच्या पोटाकडे पाहिलं. "सगळा विचार केला. आणि मग फोन केला."

मृणाल त्यांच्याकडे बघत राहिली. "निदान आज तरी खोटं बोलायचं होतंत," ती म्हणाली.

"तुझ्याशी नाही बोलता आलं."

मृणालच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. मग ती अवघडलेल्या पायांनी खोक्यांपाशी गेली, बांधून ठेवलेलं एक खोकं ओढलं, नखाने चिकटपट्टी सोडवली आणि आतून चहाचं पातेलं काढलं.

"साखर कुठल्या खोक्यात गेलीय देव जाणे," ती पाठमोरीच म्हणाली. "बिनसाखरेचा चालेल?"

"चालेल," माधवीताई म्हणाल्या.